भांडणाचा घास

मी शाळेची बस चालवते. सकाळी पोरं पायऱ्या चढताना नुसती बघितली, तरी उद्या कोण घरी राहणार ते मला कळतं. बाहीला पुसलेलं नाक, जड झालेले डोळे, एरवी टकळी चालवणारी आणि आज गप्प बसलेली पोरगी. आईबाप छातीठोक सांगतात, ‘काही नाही हो, जरा सर्दी आहे,’ आणि आठवड्याभरात अर्धी बस खोकत असते. म्हणून नाताळच्या दुपारी आईच्या घराच्या दारात मी तोंडाला मास्क बांधून, ताप मोजायची ती बंदूक घेऊन उभी राहिले. दादाने फाटकातूनच ‘आल्या बघा फौजदार बाई’ म्हणून टोमणा मारला. मारू दे. टोमण्यांकडे कोण बघतो!

भीती होती बारक्याची. बारक्या म्हणजे आमचं शेंडेफळ. घोडा झालाय, दाढी ठेवतो, लोकांच्या घरी जाऊन पियानोचे सूर लावून देतो, पण घरात अजून बारक्याच. त्याच्या रक्तात दुखणं निघालं आणि वर्षभर आम्ही सगळे हॉस्पिटलच्या वाऱ्या करत राहिलो. शेवटी दादाच्या हाडांतला बोन मॅरो काढून त्याच्यात घातला. गेला नाताळ त्याने हॉस्पिटलच्या वेगळ्या खोलीत, काचेच्या पलीकडे काढला. आम्ही अलीकडे उभे राहून त्याला हात हलवत होतो आणि आई हसत हसत रडत होती.

आता घरी आला होता, आईकडे राहत होता. पण डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, ‘हा म्हणजे आत्ता कडीकुलूप नसलेलं घर आहे. कुणीही आत शिरेल. तुम्हाला जी सर्दी, ती त्याला जिवावरची. आणि त्याला ताप आला तर गोळी देऊन उतरवत बसू नका. तसेच उचला आणि इथे आणा. उशीर झाला तर मग माझ्या हातात काही राहणार नाही.’ हे मी घरी इतक्यांदा घोकून घेतलं होतं की आई म्हणायची, ‘आता पुरे गं बाई, तुझा आवाज ऐकून ऐकून मलाच ताप येईल.’

नाताळ करायचा की नाही यावरूनच महिनाभर जुंपली होती. मी म्हणत होते, यंदा राहू दे. आई ऐकेना. बारक्या तर अजिबात ऐकेना. कारण आमच्याकडे नाताळ म्हणजे झाड नाही, दिवे नाहीत, भेटवस्तूसुद्धा नाहीत. आमच्याकडे नाताळ म्हणजे भांडणाचा घास. आम्ही तिघं लहानपणी मांजरांसारखे भांडायचो. बाबा त्याला इतके वैतागले की एका नाताळला केक कापून म्हणाले, वर्षभरात ज्याच्याशी सगळ्यांत जास्त भांडलात, त्याच्या तोंडात पहिला घास घालायचा. आपल्या हाताने. तोवर कुणी खायचं नाही. बाबा गेले, पण घास राहिला. त्या घासापायी आमच्या घरात कुठलंही भांडण नाताळच्या पुढे गेलेलं नाही. वहिनीने एका वर्षी आईला घास भरवला तेव्हा दोघी इतक्या हसल्या की केक नाकात गेला.

पण एकाच्या बोटांनी दुसऱ्याच्या तोंडात! मी हुकूमच काढला. घास बंद. ज्याची त्याची ताटली, ज्याचा त्याचा चमचा. बारक्या खिडकीपाशी वेगळा बसेल, त्याला कुणी हात लावायचा नाही. आईने तोंड फुगवलं, पण कबूल झाली.

तर मी दारात उभी होते. नवरा त्याच्या बेकरीतून केक घेऊन आला, त्याच्या कपाळावर पहिली बंदूक रोखली. ‘अगं, भट्टीसमोरून आलोय, तापणारच,’ तो म्हणाला. त्याला पायरीवर बसवलं, थंड झाल्यावर पुन्हा मोजलं आणि मगच आत सोडलं. मग दादा, वहिनी आणि त्यांची चिमुरडी आली. दादा ठीक, वहिनी ठीक. चिमुरडीला ताप नव्हता, पण तिने माझ्याकडे बघून नाक वर ओढलं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन.

‘ही आत येणार नाही,’ मी म्हटलं.

‘अगं, गाडीत एसी लावला होता, म्हणून जरा...’ वहिनी म्हणाली.

‘सगळे हेच म्हणतात.’

दादाचा पारा चढला. ‘माझ्या हाडांतलं काढून त्याच्यात घातलंय, आणि मी दारात उभा?’

‘तू ये ना. ती नको.’

‘पोरीला बाहेर ठेवून मी केक खाऊ? तू माणूस आहेस की कोण आहेस?’

मी जागची हलले नाही. दारात आडवी उभीच राहिले. पोरगी रडायला लागली. शेवटी ते तिघं बाहेर व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसले आणि मी खिडकी आतून घट्ट लावून घेतली. पोरगी काचेला नाक लावून आत बघत राहिली. मला स्वतःची लाज वाटली. तरी पण, येऊ दे लाज, मी मनात म्हटलं. लाजेने कुणी मरत नाही.

आत बारक्या खुर्चीत बसला होता. अंगात जाड स्वेटर, गळ्याला मफलर, तोंडावर मास्क. डोळे चमकत होते.

‘काय रे, एवढा बांधून का बसलास?’ मी विचारलं.

‘नटलोय. नाताळ आहे ना.’

मी दोन पावलं पुढे गेले तर आई मध्येच आली. हातात ताटल्या. ‘लांबून बोल. हात लावायचा नाही असं तूच म्हणालीस ना? मग सगळ्यांना एक नियम आणि तुला दुसरा?’

बरोबरच होतं. मी मागे सरले. आई त्या दुपारी फार बोलत होती. केक किती फुगलाय, पडदे कसे धुतले, शेजारणीची मांजर कशी व्याली. मला वाटलं, खूश आहे बिचारी, वर्षभराने घर भरलंय. मी बाहेरून येणाऱ्यांना तपासत होते. आतली माणसं तपासायची असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बसमध्येही मी चढणाऱ्यांनाच बघते.

मेणबत्त्या लागल्या. नवऱ्याने केक कापला. खायचं म्हणून मी मास्क काढला आणि ज्याच्या त्याच्या ताटलीत चमच्याने तुकडे वाढले, बाहेर तीन ताटल्या पोचवल्या. काचेबाहेर दादा ताटलीकडे बघत होता, खात नव्हता. घास भरवल्याशिवाय खायची कुणालाच सवय नव्हती.

मग बारक्या उठला. मास्क खाली ओढला, ताटलीतला तुकडा बोटांनी मोडला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

‘खाली बस,’ मी ओरडले.

‘मला भरवायचं नाही असा तुझा कायदा आहे. मी भरवायचं नाही असं कुठे म्हणालीस?’ तो म्हणाला. ‘वर्षभर तुझ्याशीच भांडलो, ताई. गोळ्यांवरून, मास्कवरून, फळांच्या सालींवरून. तुझ्याइतकं मला कुणी छळलं नाही. आ कर.’

आई मागून म्हणाली, ‘घे गं. एवढं घे.’

तिचा आवाज कसातरीच आला. बाहेर पोरीने टाळ्या वाजवल्या. मला रडू फुटत होतं. मी आ केला.

त्याची बोटं माझ्या ओठांना लागली आणि मला चटका बसला.

घास तोंडात तसाच राहिला. मी त्याचं मनगट धरलं. तापल्या तव्यासारखं. मफलर ओढला, मानेला हात लावला. तो थरथरत होता, दात आवळून थरथर दाबत होता, आणि इतक्या जवळून बघितल्यावर मला दिसलं की ती डोळ्यांतली चमक आनंदाची नव्हती.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘केक तर गीळ आधी,’ बारक्या म्हणाला आणि त्याचे गुडघे वाकले. नवऱ्याने त्याला वरच्यावर झेललं.

त्यानंतर मी काय काय ओरडले ते धड आठवत नाही. खिडकी उघडली, दादाला हाक मारली, ‘गाडीची किल्ली दे!’ दादाने काही विचारलं नाही. माझं तोंड बघूनच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बारक्याला मागे निजवलं, आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, दादा माझ्या शेजारी. नवरा वहिनीजवळ थांबला. पोरगी पायरीवरून विचारत होती, ‘माझ्यामुळे झालं का?’ आणि तिला ‘नाही गं बाळा’ म्हणायलाही मी थांबले नाही.

एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांची नेआण करते, कधी वेग वाढवला नाही. त्या दिवशी गाडी सुसाट सोडली. रस्ते रिकामे होते, दुकानं बंद, सगळी आपापल्या घरात जेवायला बसलेली. प्रत्येक सिग्नल नेमका लाल. मागून बारक्याच्या दातांचा कडकड आवाज येत होता. मग तो आवाज थांबला आणि मला जास्तच धडकी भरली.

‘आई, तो बोलतोय का?’

‘डोळे मिटलेत त्याने.’

‘झोपू देऊ नकोस! बोल त्याच्याशी! हलव त्याला!’

‘बारक्या,’ आई म्हणत होती, ‘ए बारक्या, ए सोन्या, ताई रागावतेय बघ.’

हॉस्पिटलात त्याला चाकांच्या खाटेवर घेतलं. खाटेबरोबर धावता धावता नर्सने विचारलं, ‘ताप कधीपासून?’ मी म्हटलं, ‘आत्ताच कळलं.’ दादा म्हणाला, ‘दुपारपासून असेल.’

‘काल संध्याकाळपासून,’ आई म्हणाली.

आम्ही दोघं वळलो.

‘गोळी दिली होती,’ आई नर्सला सांगत होती, आमच्याकडे बघत नव्हती. ‘काल रात्री दिली. उतरला. सकाळी परत चढला, परत दिली. दुपारची द्यायची होती, तर ही आली.’

नर्सने खाट आत ढकलली. दार बंद झालं.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की आईला खांद्याला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. सख्ख्या आईला. दादाच्या पोरीला मी बाहेर बसवलं, नवऱ्याला पायरीवर बसवलं, खिडक्या लावल्या, आणि ताप आत, खुर्चीत, स्वेटर घालून! आणि हिला माहीत होतं!

‘का?’ मी विचारलं.

आई भिंतीला टेकली. ‘म्हणाला, आई, सांगितलंस तर मला परत काचेत ठेवतील. म्हणाला, पुढचा नाताळ मला मिळेल की नाही कुणास ठाऊक, एवढा एक दे. तो जेवला की लगेच तुला सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते.’ तिने पदर तोंडाला लावला. ‘पायांना हात लावत होता गं माझ्या. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.’

दादा बाकावर बसला आणि हातांत तोंड लपवून लहान पोरासारखा रडायला लागला. मी उभीच. मला भीती वाटत होती, रागापेक्षा किती तरी जास्त. राग निदान कुणावर तरी काढता येतो.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘रक्तदाब फार उतरलाय,’ त्या हळू म्हणाल्या. ‘औषधं सुरू केलीत. आजची रात्र बघू. तो सुया काढून टाकायला बघतोय, कुणाचं ऐकत नाही. एकालाच आत सोडते. कोण येतंय?’

मी आईकडे बघितलं. तो तिचा, हक्क तिचा. उद्या काय होईल कुणाला ठाऊक होतं, आणि मला तिला अडवायचं नव्हतं.

आईने मला दाराकडे ढकललं.

‘तू जा,’ ती म्हणाली. ‘तो घरी ने म्हणेल. मी गेले तर नेईन.’

मी गाऊन घातला, मास्क बांधला, हात धुतले आणि आत गेले. दोन्ही हातांत नळ्या, तोंड कागदासारखं. मला बघून त्याने ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

‘ताई, घरी ने ना.’

‘नाही.’

त्याने सुईकडे हात नेला. मी तो धरला आणि गादीवर दाबून ठेवला. तो ओढत होता, मी सोडत नव्हते. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने तोंड फिरवलं.

‘दुष्ट आहेस,’ तो म्हणाला.

‘आहे,’ मी म्हटलं, आणि हात धरून बसून राहिले.