आभारपत्राचं शुद्धिपत्र

जिन्यातल्या फलकावर कुणी 'पाणि येणार नाही' असं लिहिलं, की दहा मिनिटांत त्याचं 'पाणी' झालेलं असे. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या या मुद्रितशोधकाला आम्ही वेलांटी म्हणायचो. छापखान्याने त्याला घरी बसवून आठ महिने झाले होते. तेवढ्या काळात मुलाखती सहा, आभारपत्रं सहा, उत्तरं शून्य.

मुलाखतीनंतर आभारपत्र पाठवायचं खूळ मेव्हण्याचं. "चार ओळी खरडायला काय जातं, भाऊजी?" असं सांगून तो मोकळा झाला, खरडायचं वेलांटीने.

सातवी मुलाखत शाळेची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनात झाली. तिथल्या संपादकबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आम्हाला नजर हवी. बाकी सगळं शिकवता येतं."

घरी आल्यावर वेलांटीने बूटही न काढता फोनवरूनच पत्र पाठवलं, आणि मग बायकोपुढे धरलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, 'आपले मनःपूर्वक भार' म्हणजे किती किलो?"

त्याने पाहिलं. 'आ' बेपत्ता.

"गेलं का?"

"गेलं. आणि नोकरीही गेली."

मग वीस वर्षांच्या सवयीने त्याची बोटं आपोआप चालली: 'शुद्धिपत्र. ओळ दुसरी. "भार" ऐवजी "आभार" वाचावे.' तेही पाठवलं आणि बूट काढले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "चूक तुम्हीच पकडलीत ना?"

'हो' म्हणायला एकच अक्षर पुरे होतं. पण खोटं एकदा बोललं की पुढे सांभाळत बसावं लागतं. तेवढं त्राण कुठलं!

"नाही. बायकोनं."

"शिक्षण?"

"माझं कालच सांगितलं की."

"त्यांचं हो!"

"पदवी. माझी प्रूफं शेवटी तीच वाचायची."

"मग उद्या त्यांनाच पाठवा."

निरोप ऐकून बायकोच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "मी जाऊ? आणि तुम्ही?"

"मी घड्या घालतो."

ती गेली, दोन तासांनी आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "सोमवारपासून या म्हणाल्या."

वेलांटीने शेवटची चादर कपाटात ठेवली. कोपरे काही जुळले नव्हते. मग दमल्यासारखा खुर्चीत टेकला आणि फोन उघडला.

"आभारपत्र पाठवायला हवं."

"लिहा की," ती म्हणाली. "पण आधी मला दाखवा."