कामिसुगीचा भोंगा

जपानच्या डोंगरातलं कामिसुगी हे छोटं नगर नकाशावरून पुसलं गेलं त्याला अठरा वर्षं झाली. शेजारच्या शहराने ते आपल्या हद्दीत ओढून गिळलं आणि साधा ढेकरही दिला नाही. आधी दवाखाना गेला, मग शाळा, मग ऊन पाण्याचं सार्वजनिक न्हाणीघर. उरली ती जुनी नगर कचेरी, तिलाही आता शाखा म्हणायचं, आणि खांबाखांबांवरचे, गावभर सूचना ऐकवणारे भोंगे.

त्या कचेरीत तोकिए धापा टाकत शिरली तेव्हा चार वाजून गेले होते. तिचा नवरा किसाबुरो दुपारपासून बेपत्ता होता. वय एक्क्याऐंशी, आठवण पार गेलेली, अंगात नुसता स्वेटर आणि बाहेर गुडघाभर बर्फ. पाचला अंधार पडणार. त्यानंतर म्हातारं माणूस जिवंत सापडत नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक.

"भोंग्यावर पुकार ना रे, इगाराशी!"

"आजी, आता शहराची मंजुरी लागते," कारकून म्हणाला. "अर्ज पाठवलाय. साहेब बैठकीत आहेत."

"बैठक उठेपर्यंत माझा माणूस गोठेल! चाळीस वर्षं याच खुर्चीत होते हे. भोंगा वाजला की ताटावरून उठून इथं धावायचे. तुझ्या आजोबांना कोणी शोधलं? अर्जानं?"

इगाराशीने मान खाली घातली. मग माइकचं बटण दाबलं आणि फावडं उचललं. "मी दारातला बर्फ काढतो. मला काही ऐकू आलं नाही."

तोकिएला शब्द पाठ होते. "कामिसुगी नगर कचेरीची सूचना. होशिना किसाबुरो, वय एक्क्याऐंशी, करडा स्वेटर. दिसल्यास कचेरीत कळवा." तीनदा सांगायची रीत. तिसऱ्यांदा तिचा बांध फुटला. "अहो, या हो परत!"

आवाज डोंगरावर आपटून परत आला. एकही दार उघडलं नाही. उघडणार कोण? दहातली आठ घरं कुलुपात. ती टेबलावर डोकं टेकून रडू लागली.

दार करकरलं. बर्फाने माखलेला, ओठ निळे पडलेला किसाबुरो आत आला. तडक टेबलामागे गेला आणि पेन्सिल उचलली. तोकिएने त्याचे हात घट्ट धरले. त्याने ते अदबीने सोडवून घेतले.

"रडू नका, बाई. भोंगा ऐकला आणि तसाच निघालो. अंधाराच्या आत शोधू. कोण हरवलंय तुमचं?"

तोकिएने आपली शाल त्याच्या खांद्यांवर टाकली.

"माझे यजमान."

"नाव सांगा."

तिने शालीची टोकं त्याच्या गळ्याशी ओढून घेतली. तो पेन्सिल धरून थांबला होता.