हंसाच्या शेपटीखालचं बूच

कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरमच्या त्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर उंच पितळी समई, तिच्या टोकावर हंस, आणि वात तेवत होती.

"सात दिवस झाले! तेलाचा एक थेंब घातलेला नाही!" समईला खेटून बसलेल्या भगव्या वस्त्रांतल्या स्वामींचा शिष्य माईकवर ओरडत होता. "अंबाळ देवी स्वतः हंस होऊन तेल पुरवते आहे! आंधळ्यांनी हे तेल डोळ्यांत घालावं, त्यांनाही दिसेल!"

लोक भक्तीनं स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेत होते. अंबाळ समईला तेल पुरवत होती, पंख्यांना मात्र भाड्याचा जनरेटर लागत होता.

मी तो हंस ओळखला होता. तो माझाच होता.

आमचं घर पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी; मी कुंभकोणमला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. वेदवतीआत्याचे हात थरथरतात, समईत तेल घालताना सांडतं. म्हणून मी इंटरनेटवरच्या एका गटात लिहिलं, 'सारखं तेल घालावं न लागणारी समई हवी.' घरातली छोटी अडचण मांडायची आणि अनोळखी माणसांनी मिळून तिची वस्तू करायची, असा तो गट. नागपूरच्या प्रीतिनं कोंबडीच्या पिलांसाठी पालथी ठेवतात ती पाण्याची बाटली सुचवली. कोची‌च्या एकानं चित्र काढलं. नाच्चियारकोविलच्या सूर्या ओतारीनं पितळ ओतलं.

पहिला नमुना आत्याकडे गेला. त्याचं बूच हंसाच्या पाठीवर होतं. ते दिसायला वाईट, म्हणून मी लिहिलं, 'शेपटीखाली लपवा.' जाहिरातही माझीच: 'तेल न घालता सात दिवस!'

"तेल आत असतं ना सर? हे खोटं होईल," प्रीति म्हणाली होती.

"जाहिरातीत एवढं चालतं," मी म्हटलं.

मग चार समया पट्टीश्वरमच्या एकाच पत्त्यावर गेल्या. पुढे स्वामींच्या चमत्काराचा व्हिडिओ पाहताच मला सगळं कळलं, आणि मी दोन महिने गप्प बसलो. खरं सांगतो, माझ्या समईपुढे एवढी गर्दी पाहून मला बरं वाटत होतं.

परवा आत्याकडे गेलो, तर काचबिंदूच्या औषधाची बाटली न फोडलेली. ती डोळ्यांत स्वामींच्या समईचं तेल घालत होती.

"आत्या, ती समई मीच केली! तुझ्याकडची तीच!"

"तुझी समई तेल मागते रे," ती हसली. "मीच घालितें न, दर शुक्रवारीं. सामीची मागत नाहीं."

म्हणून आज तिला हाताला धरून मांडवात आणलं होतं. मी समईकडे निघालो.

"हात लावाल तर भस्म व्हाल!" शिष्य किंचाळला.

"होऊ दे," म्हणून मी शेपटीखालचं बूच उपटलं. भडाभडा तेल खाली आलं, तबक भरून वाहिलं आणि स्वामींच्या भगव्या मांडीवर ओघळलं. स्वामी टुणकन उठले.

मी तमिळमध्ये ओरडून सांगितलं, "हंसाच्या पोटात आणि खांबात तेल भरलेलं आहे. तबकातलं तेल कमी झालं की त्यात बुडालेल्या नळीच्या तोंडातून हवेचा बुडबुडा वर जातो आणि तेवढंच तेल खाली येतं. बूच काढलं, हवा वरून शिरली, म्हणून सगळं आलं. बाकी काही नाही!"

"आणि हे केलं कोणी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मी," म्हणालो. 

आत्यानं चाचपडत सांडलेल्या तेलात बोट बुडवलं, हुंगलं. "तिळाचें. घरचेंच कीं." मग माझ्या आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाली, "मग बूच तूं लपविलेंस कां रे?"

मी ते तेलकट बूच तिच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेला, तो परत येणार नाही. डावा औषधानं टिकेल. ते थेंब आता मी रोज घालतो. जाहिरात बदलली, बूच पुन्हा पाठीवर आणलं.

तेलावाचून दिवा जळत नाही. जळताना दिसला, तर हात जोडण्याआधी बूच शोधा. आणि ते लपवणारा माझ्यासारखा शिकलेला माणूस निघाला, तर स्वामीच्या आधी त्याला जाब विचारा.