दहाव्या गणितावरची फुली

संपतने दहाव्या गणितावर लाल फुली मारली आणि वही बायकोकडे सरकवली.

"ह्ये चुकलं."

मैनाचा चेहराच पडला. दहापैकी दहा आली तरच बाहेरून बारावीला बसायचा फॉर्म भरायचा, नाहीतर या जन्मी गणिताचं नाव काढायचं नाही, असं तिनंच ठरवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी ती बारावीला गणितात नापास झाली, लग्न होऊन मांजरी गावात आली आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. फॉर्मची आज शेवटची तारीख होती.

तिनं फॉर्मसाठी काढून ठेवलेला शाळेचा जुना दाखला उचलला आणि कपाटात साड्यांखाली सारला.

संपतला कसंसंच झालं. आठवी शिकलेला गडी. पण चार महिने रोज उसाला पाणी देऊन आला की हातपाय धुऊन तिची गणितं तपासायला लाल पेन घेऊन बसायचा.

"मैने, खरं सांगू? मला यातलं ढिम्म कळत न्हाय."

"मग तपासता कसं?"

"आपल्या लेकीनं, तेजूनं, कॉलेजला जाताना सांगितलंवतं. उत्तरात त्यो काल्पनिक आकडा, आय, आला की दोन्ही मुळं सारखी पायजेत, मधलं चिन्ह तेवढं उलटं. जोडी जमली की बरोबर. हितं बघ, तीन अधिक आय आन् एक वजा दोन आय! कुटं जमतंय?"

मैनानं वही ओढली.

x² − (4 − i)x + (5 − 5i) = 0

"अहो, हितं समीकरणातच आय हाय. मग जोडीचा नेम लागू न्हाय... बहुतेक."

त्या 'बहुतेक'नं तिलाच चैन पडेना. पदर खोचून ती खाली बसली. पहिलं मूळ समीकरणात घातलं, गुणाकार केले. शून्य. दुसरं घातलं. दोनदा खोडलं, ओठ चावला. शून्य!

"बसली! दोन्ही बसली!" तिचे डोळे भरून आले.

"अशी विजोड असून?"

"व्हय. तुमच्या-माझ्यावानी."

संपत लाजला. फुली काही खोडता येईना, म्हणून तिच्याशेजारी त्यानं ठळक लिहिलं: चुकलो. संपत.

मैनानं त्याच्या हातातलं लाल पेन घेतलं आणि खाली लिहिलं: मास्तर, दहापैकी नऊ.

मग तिनं साड्यांखालून दाखला काढला.

"गाडी काढा. सायबरवाला सहाला बंद करतो."