बसलेल्याला मारत नाहीत

मोर्चाला बायका न्याव्यात तर गौरम्मानंच. वस्तीतली कुठलीही बाई हे कबूल करील, मग तिचं गौरम्माशी नळावर कितीही वाजलेलं असो. वस्ती सोलापूरच्या हद्दीत आली त्याला जमाना झाला. घरपट्टी न चुकता येते, पाणी मात्र आठवड्यातनं एकदा, तेही करंगळीएवढ्या धारेनं. त्यामुळं हंडा मोर्चा वस्तीला सणवारासारखा सवयीचा झालेला. आणि दर मोर्चाच्या आधी गौरम्मा बायकांना एकच गोष्ट बजावायची, जी तिला तिच्या सासूनं गिरणीच्या संपातली म्हणून शिकवली होती. पोलिस धावून आले की पळायचं नाही, पळणाऱ्याच्या मागं काठी लागते. हंडा पुढ्यात घ्यायचा आणि जागच्या जागी बसायचं. बसलेल्या बाईला मारत नाहीत. फार तर उचलून गाडीत घालतात आणि दिवस मावळायला सोडून देतात.

आणि हे खरंही होतं बरं का. बायका बसल्या आणि पोलिसांनी काठ्या खाली केल्या, हे सगळ्यांनी मागं बघितलेलं होतं. नुसत्या तोंडच्या वाफेवर कुणी कुणाच्या मागं रस्त्यावर येत नाही.

या खेपेला मात्र तिची स्वतःची लेकच यायला तयार नव्हती. दानेश्वरी पोलिस भरतीच्या तयारीला लागली होती. पहाटे मैदानावर, दुपारी पुस्तकात डोकं. पळण्यात तर वस्तीतली पोरंसुद्धा तिच्या मागं राहायची. मैदानी चाचणी महिन्यावर आली होती.

"अव्वा, एखादी केस झाली तर माझं सगळं मुसळ केरात जाईल की," ती म्हणाली. "भरतीत पोलिस ठाण्यातनं चौकशी करत्यात."

"हंडा मोर्चावर कसली गं केस?" गौरम्मा म्हणाली. "आणि तू घरात बसलीस तर बायका मला काय म्हंतील?"

म्हणणारच होत्या. कारण ज्या घरातली बाई मोर्चाला येणार नाही, त्या घराचा हंडा टँकरच्या रांगेत सगळ्यात शेवटी, हा नियम गौरम्मानंच केलेला. बाळंतिणीच्या घरालासुद्धा तिनं त्यातनं सोडलं नव्हतं. आता आपल्याच तरण्याताठ्या पोरीला घरी ठेवून लोकांच्या लेकीसुनांना उन्हात काढायचं, हे काही तिला जमण्यातलं नव्हतं. दानेश्वरीनं बूट घातले आणि हंडा उचलला.

हमरस्त्यावर बायका पोचल्या तोवर सगळं ठीक चाललं होतं. घोषणा झाल्या, ट्रक थांबले, ट्रकवाल्यांनी शिव्या घातल्या. मग कुठनं तरी मागनं पोरं आली. कुणाची, कुठली, देव जाणे. त्यांनी बंदोबस्ताला आलेल्या पोलिस साहेबाच्या गाडीवर दगड घातला, काच फुटली आणि मोर्चाचा नूरच बदलला. पोलिसांच्या गाडीतनं भोंग्यावर आवाज आला, पांगा, नाहीतर प्लास्टिकच्या गोळ्या चालवाव्या लागतील.

"प्लास्टिकच्या?" गौरम्माची शेजारीण निंगव्वा हसायला लागली. "पोरांच्या खेळण्यातल्या व्हय?"

चारजणी तिच्याबरोबर हसल्या. खोटं कशाला, गौरम्माही हसली. पण समोरच्या पोलिसांनी आखूड, जाड नळीच्या बंदुका वर केल्या तेव्हा तिनं जे कायम केलं तेच केलं. दोन्ही हात वर करून ती ओरडली, "कुंड्री, कुंड्री. बसा गं सगळ्या, खाली बसा."

बायका पटापट बसल्या. दानेश्वरी तेवढी उभी होती. रस्त्याकडेला गल्लीचं तोंड मोकळं होतं आणि तिचं एक पाऊल तिकडं पडलंही होतं. गौरम्मानं तिचा हात धरला आणि तिला खाली ओढलं. "बस म्हंते न्हवं का. बसलेल्याला मारत न्हाईत."

गोळ्या कमरेच्या वर मारायच्या नाहीत, गुडघ्याखाली मारायच्या, असं पोलिसांना शिकवलेलं असतं म्हणे. त्या पोलिसांनी शिकवल्याप्रमाणं बंदुका खाली केल्या आणि खालीच मारल्या. पण उभ्या माणसाचे गुडघे येतात तिथं त्या दिवशी काय होतं? बसलेल्या बायकांची तोंडं होती. पण हे गौरम्माला त्या घटकेला कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की निंगव्वा खांदा धरून कोलमडली आणि दानेश्वरीनं डाव्या डोळ्यावर दोन्ही हात दाबून धरले. बोटांच्या फटीतनं रक्त यायला लागलं. डोळ्यावर मारायला पाणी आणा म्हणून गौरम्मा आकांत करत होती, आणि आजूबाजूला पडलेले हंडे सगळे रिकामे होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं गौरम्माला एका बाजूला घेतलं. बाई चांगली होती, घाईत असूनही तिनं बसून सांगितलं. जिवाला धोका नाही. पण डोळा आतनं फुटलाय, त्यात नजर येणार नाही. कदाचित तो काढावाही लागेल.

"दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात नेलं तर?" गौरम्मानं विचारलं. "पुण्याला? मुंबईला?"

"कुठंही नेलं तरी तेच सांगतील, मावशी."

गौरम्मा मग जिन्यात बसली. रडावं म्हटलं तर रडू येईना. पोरीला कसं सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. मोर्चात पाचशे बायकांना पुढं घेऊन जाणारी ही बाई, पण लेकीच्या खाटेपर्यंत जायला तिचे पाय उचलत नव्हते. आणि सोबतीला तरी कोण होतं? निंगव्वा सुजलेला खांदा पदराखाली झाकून घरी पडलेली. ज्यांना ज्यांना लागलं होतं त्या सगळ्यांनी दारं लावून घेतली होती, कारण दवाखान्यात जाईल त्याचं नाव दगडफेकीच्या केसमध्ये घालतात, अशी वस्तीत आवई उठली होती.

"अव्वा, पट्टी कवा काढत्यात?" दानेश्वरीनं विचारलं. अर्धं तोंड पट्टीखाली होतं. "चार-आठ दिस पळायचं चुकंल. पुढं भरून काढते मी."

"डॉक्टर सांगतील," गौरम्मा म्हणाली, आणि नसलेली सुरकुती काढायला चादर ओढत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जबाब घ्यायला फौजदार आला, बरोबर एक हवालदार. फौजदार काही राक्षस नव्हता. दमलेला, घामाघूम झालेला माणूस होता, त्यानं आधी दानेश्वरीला दुखतंय का म्हणून विचारलं. मग तो स्टूल ओढून बसला.

"गुडघ्याखाली मारायचा हुकूम होता, मावशी. आमच्या माणसांनी गुडघ्याखालीच मारलं. मग हिच्या डोळ्याला कशी लागली?"

"बसली हुती की साहेब. आमी समद्याच बसलो हुतो."

"दगडं येतायत, समोर पोलिस उभे, आणि तरणी पोरगी बसून राहिली? हे कुणाला पटेल? खाली वाकली असेल. आणि अशा वेळी माणूस खाली कशाला वाकतं? दगड उचलायला."

"न्हाय साहेब, शप्पत. मी तिला बसवली. ती तर जायाला निघाली हुती, मीच हाताला धरून खाली वडली."

"म्हणजे बायका तुमच्या सांगण्यावरनं रस्त्यात बसल्या?" फौजदारानं हवालदाराकडं बघितलं. "घ्या यांचं नाव."

खरं बोलावं तर ते पोरीच्या नाहीतर गौरम्माच्या स्वतःच्या गळ्यात येऊन पडत होतं. आजवर ती साहेबलोकांच्या अंगावर जाऊन बोलत आली होती, पण इथं काय बोललं म्हणजे भलं होईल, हेच तिला समजेना.

"साहेब," दानेश्वरी उशीवरनं म्हणाली, "मला गोळी लागलीच न्हाय."

फौजदारानं मान वळवली.

"गडबडीत पाय घसरला माझा. पितळी हंडा हुता, त्याच्या काठावर पडले. अव्वा घाबरली, तिला वाटलं गोळीच लागली."

फौजदारानं उशाशी ठेवलेला दवाखान्याचा कागद उचलून वाचला. डॉक्टरांनी डोळ्याला मुका मार एवढंच लिहिलं होतं. गोळी डोळ्यात थोडीच राहते, ती उडून रस्त्यावर कुठंतरी गेलेली.

"व्हय का, मावशी?" त्यानं विचारलं. आवाज आता मऊ झाला होता.

चादरीखालनं दानेश्वरीनं आईचा हात घट्ट धरला होता. गौरम्माच्या मनात आलं, सांगावं. हिचा डोळा तुमच्या गोळीनं गेला म्हणून ओरडून सांगावं, निदान कुठंतरी लिहून तरी राहील, कुणीतरी कुणाला तरी विचारेल. पण ते सांगायचं म्हणजे डोळा गेला हे आधी पोरीला सांगायचं. या दोन परक्या माणसांसमोर, तिचा हात हातात असताना. पोरगी ज्या भरतीसाठी खोटं बोलत होती ती भरती काल रस्त्यावरच संपली होती, आणि हे त्या खाटेभोवती एकट्या गौरम्माला ठाऊक होतं. तिला ते तोंडातनं काढता येईना.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "हंड्यावर पडली."

"बरं," म्हणत फौजदार उठला. जबाबावर सह्या झाल्या. त्याच्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं असावं, कारण जाता जाता त्यानं सहज आपुलकीनं विचारलं, "काय करतेस, बाळ?"

"पोलिस भरती करतीय, साहेब. पुढल्या महिन्यात ग्राउंड हाय."

फौजदार जागीच थांबला. त्यानं त्या पट्टीकडं बघितलं, मग हातातल्या जबाबाकडं बघितलं. गौरम्माकडं मात्र त्यानं बघितलं नाही. "हं. कर, कर," म्हणाला आणि हवालदाराच्या पुढं होऊन बाहेर पडला.

त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत दानेश्वरी तिकडं कान लावून पडली होती. मग तिनं आईचा हात सोडला.

"सुटलो की न्हाय, अव्वा? नाव आलं न्हाय माझं," ती म्हणाली. "आता पट्टी निघाली की दुसऱ्या दिवसापासनं मैदानावर. तू मला पहाटे उठवायचं."

"उठवते," गौरम्मा म्हणाली.