नवव्या तिकिटावरचं नाव

शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलातल्या वेटरांचे असे तऱ्हेतऱ्हेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात शेवटचं टेबल चेकरबाईचं. शिवून झालेला प्रत्येक कपडा तिच्याकडे यायचा. ती तो आधी उलटा करायची, आतली शिवण दोन बोटांत धरून ओढून बघायची आणि मगच कॉलरच्या आत आपला शिक्का मारायची. सरळ बाजूवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. एकोणीस वर्षांत तिच्या शिक्क्याचा एकही कपडा परत आला नव्हता. हे ती स्वतः कधी सांगायची नाही, पण दुसरं कोणी सांगायला लागलं की हातातलं काम टाकून ऐकायची.

अशी ही बाई फसली कुठे, तर सख्ख्या भावाच्या कागदावर!

त्याला ती छोट्या म्हणायची. छोट्या चाळिशीला टेकला होता, डोक्यावरचे निम्मे केस गेले होते, पण हिच्या लेखी छोट्याच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि ही सतराची. त्याच्या शाळेच्या डब्यापासून लग्नातल्या कोटापर्यंत सगळं हिनं केलं. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं, आणि त्याबद्दल कोणी हळहळलं की ही उलट त्यांच्यावरच खेकसायची.

छोट्या एका प्रवास कंपनीच्या ऑफिसात कामाला होता. एका रविवारी तो एक छापील कागद घेऊन आला. कागदावर पांढरंशुभ्र जहाज, निळंशार पाणी. चार दिवस, तीन रात्री, जेवणखाण त्यातच, आणि भाडं इतकं कमी की वाचणाऱ्यानं चष्मा पुसावा. सोमवारी मधल्या सुट्टीत हिनं तो कागद कारखान्यात फिरवला. काजं करणारी काजवाली सगळ्यांत मोठी, साठीला आलेली. ती म्हणाली, "अगं, एवढ्यात तर माझं नणंदेकडे जाऊन येणंही होत नाही. आणि नणंद जेवायला विचारत नाही ते वेगळंच."

इस्त्रीवाली मात्र संशयी. "वरून काय काय द्यावं लागेल ते विचार बाई तुझ्या भावाला. स्वस्तात कोणी समुद्र दाखवत नाही."

हिनं विचारलं. छोट्या हसला. "ताई, मी आहे ना! वरून एक पैसा नाही."

हिनं तेच जाऊन सांगितलं, आणि वर स्वतःचं भरीला घातलं, "माझा शब्द." झालं! चेकरबाईचा शब्द म्हणजे शिक्काच की. आठ जणींनी पटापट पैसे काढले. नववी ही. हिनंही आपलं भाडं मोजून भावाच्या हातात ठेवलं. त्यानं एक फॉर्म पुढे केला, "तू मोठी, गटाची सही तूच कर," आणि हिनं केली. जन्मभर कपडे उलटून बघणाऱ्या बाईनं ना तो फॉर्म वाचला, ना त्या जहाजाच्या कागदाची मागची बाजू पाहिली. आपल्या माणसाचं काय उलटून बघायचं? "मीपण येतो माझ्या खर्चानं, तुम्हा बायकांना सोबत होईल," छोट्या म्हणाला, तेव्हा तर हिला भरूनच आलं.

जहाज चांगलं होतं, खोटं कशाला बोला. गादी मऊ, चादरी कडक इस्त्रीच्या. इस्त्रीवालीनं चादरीची घडी उलगडून बघितली आणि मान डोलावली, म्हणजे बघा. पण खोल्यांना खिडकी नव्हती. दिवा मालवला की कपाटात झोपल्यासारखं वाटायचं. खिडकीचे पैसे वेगळे. पाण्याच्या बाटलीचे वेगळे. पोहण्याच्या तलावापाशी टॉवेल मागितला तर त्याचे वेगळे. दुसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं, तिथून गावात जायची बसही फुकट नव्हती. दर वेळी आठ जणी हिच्याकडे बघायच्या.

"त्यालाही माहीत नसणार गं," ही म्हणायची. "ऑफिसवाल्यांनी त्याच्यापासूनही लपवलं असेल." बसचे पैसे तिनं आपल्या पर्समधून दोघींचे भरले, कोणाला न सांगता.

छोट्याच्या खोलीला मात्र खिडकी होती, चांगली रुंद. "नशिबानं मिळाली," तो म्हणाला. ही खूश झाली. त्याच्या वाट्याला कधी नव्हे ते काही चांगलं आलं होतं.

बायकांच्यात रोज जेवताना वाद रंगायचा. इस्त्रीवाली म्हणायची, ही सगळी लुबाडणूक आहे. काजवाली ताटात दुसऱ्यांदा फळं घेऊन येत म्हणायची, "वरचं सगळं धरलं तरी मला परवडलं बाई. तीन दिवस झाले, घरातल्या एकानंही मला चहा मागितलेला नाही. याचे पैसे लावा म्हणावं, दुप्पट देते." सगळ्या हसायच्या, आणि चेकरबाईला जरा बरं वाटायचं.

शेवटच्या दिवशी सकाळी दारांच्या फटीतून पाकिटं आत आली. माणशी, दिवसाला, सेवेचा आकार. सक्तीचा. तो सगळा मिळून जवळजवळ निम्म्या भाड्याइतका होता.

इस्त्रीवालीचं डोकं फिरलं. "चल," तिनं चेकरबाईचा दंडच धरला, "तूच बोल त्यांच्याशी. तुझा शब्द होता ना!"

काउंटरवरचा माणूस शांत होता. असली भांडणं तो रोजच ऐकत असणार. त्यानं तोच जहाजाचा कागद काढला आणि नुसता उलटा करून पुढे सरकवला. मागच्या बाजूला सगळं होतं. खिडकी, पाणी, टॉवेल, बस, सेवेचा आकार. बारीक अक्षरात का होईना, एक एक ओळ छापलेली. चेकरबाईनं उभ्याउभ्या सगळं वाचलं. तिला तोंडात मारल्यासारखं झालं. जहाजवाल्यांनी काही लपवलं नव्हतं. आणि हाच कागद छोट्या रोज ऑफिसात विकत होता.

"आमच्या सगळ्यांचा हिशेब दाखवा," इस्त्रीवाली हटेना. "कोणाला किती लावलेत ते बघू दे."

माणसानं यादी छापून दिली. आठ नावांपुढे पूर्ण भाडं. नववं नाव चेकरबाईचं. त्यापुढे लिहिलं होतं: गटप्रमुख, भाडे माफ.

इस्त्रीवालीनं ते दोनदा वाचलं. मग यादीवरून मान वर करून बघितलं. "तुझं भाडं माफ?"

"छे गं! काहीतरी चुकलंय. मी भरलंय."

"चुकलेलं नाही, बाई," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "आठ जण आणले की आणणाऱ्याचं तिकीट माफ असतं. सगळीकडे असतं. फॉर्मवर सही तुमचीच आहे."

"पावती आहे तुझ्याकडे?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"भावाकडून पावती कोण घेतं?"

"हं," इस्त्रीवाली एवढंच म्हणाली आणि यादी घेऊन तडक जेवणाच्या हॉलकडे निघाली. चेकरबाई मागून दोनदा हाक मारत राहिली. ती वळली नाही.

छोट्या खोलीत बॅग भरत होता. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. बहिणीचा चेहरा बघून त्यानं हातातला शर्ट खाली ठेवला. काय झालं, असं विचारलंच नाही त्यानं. "कोणी सांगितलं?" एवढंच विचारलं. तोवर तिला आशा होती, काउंटरवरचा माणूस चुकला असेल म्हणून.

"म्हणजे खरंय?"

"ताई, ऐक तर. तुझे पैसे मी खाल्ले नाहीत. त्यातनं माझं तिकीट काढलं. तुमच्याच सोबतीला आलो ना मी?"

"खिडकीचं?"

त्यानं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"माझे पैसे मागितले असतेस तर मी दिले असते रे."

"मागायची लाज वाटली."

"आणि घ्यायची नाही वाटली? त्या बायांना माझ्या नावावर आणलंस. कागद उलटा करून दाखवलास का कधी? मला तरी?"

तो पलंगावर बसला. ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल, म्हणाला. बायको माहेरी निघून जाईल, म्हणाला. मग डोळे वर करून, लहानपणी प्रगतिपुस्तक लपवल्यावर बोलायचा तसल्या आवाजात म्हणाला, "तूच सांग ना त्यांना, की सवलत मिळाली होती, सांगायचं राहून गेलं. तुझ्यावर कोण रागावणार आहे? दोन दिवसांत विसरतील."

हिला मरणाचा संताप आला, आणि तेवढंच रडूही. एकोणीस वर्षं तिनं एक एक टाका तपासून जे कमावलं होतं, ते या गृहस्थानं एका खिडकीसाठी विकलं होतं, आणि वर आता त्याचा दोषही हिनंच अंगावर घ्यावा म्हणत होता!

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तू सांगायचंस. आत्ता. मी उभी राहते तुझ्याशेजारी. नोकरीचं पुढे बघू, माझं घर आहे, उपाशी नाही मरत कोणी. पण त्यांना खरं तू सांगायचंस."

तो मग उठला, तोंडावर पाणी मारलं, शर्ट बदलला. "बरं. चल. मी बोलतो."

आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. इतकं होऊनही वाटलं. छोट्या चुकतो, पण शेवटी कबूल करतो, हे तिचं त्याच्याबद्दलचं ठरलेलं मत होतं. जिन्यावर तिनं त्याच्या कॉलरवर चिकटलेला दोरा काढून टाकला.

हॉलमध्ये आठ जणी दोन टेबलं जोडून बसल्या होत्या. चहाचे कप भरलेले, कोणी हात लावला नव्हता. यादी मधोमध पडली होती. रोज हिच्यासाठी राखून ठेवलेल्या खुर्चीवर आज कोणाची तरी पर्स होती.

काजवाली बोलली. तिचा आवाज कडक नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "भाऊ, भांडायचं नाही मला. एकच विचारते. तिकीट माफ आहे हे हिला माहीत होतं का?"

छोट्यानं बहिणीकडे बघितलं. तिनं मान हलवली, बोल म्हणून.

तो काजवालीकडे वळला आणि मवाळ हसला. "मावशी, ताईला विचारल्याशिवाय मी आजवर कधी काही केलंय का?"

चेकरबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो घाबरून बोलला नव्हता. जिन्यावरून उतरतानाच त्याचं ठरलं होतं. ताई आपल्याला चारचौघांत उघडं पाडणार नाही, याची त्याला खात्री होती. तिच्या सगळ्या मायेचा त्यानं एवढाच अर्थ काढला होता, की ही गप्प बसेल.

"खोटं बोलतोय हा," ती म्हणाली.

आवाज चिरका निघाला. तिनं पुन्हा सांगितलं, नीट. "मी माझं भाडं पूर्ण भरलं. याच्या हातात दिलं. माफ होतं ते मला आत्ता काउंटरवर कळलं. कागद मी उलटून बघितला नाही, ती चूक माझी, त्याची शिक्षा तुम्ही द्याल ती. पण तुमच्या जिवावर मी फुकट आलेली नाही. माझा भाऊ खोटं बोलतोय."

इस्त्रीवाली कपातल्या चहाकडे बघत राहिली. काजवालीनं एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि नजर यादीवर आणली. यादी काय सांगणार? यादीवर नाव हिचंच होतं, आणि फॉर्मवर सहीही हिचीच.

छोट्याचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं, हे त्याला वाढवणाऱ्या तिला ओळखू आलं. त्याला खरोखरच लागलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "तू माझ्याशी असं वागशील असं वाटलं नव्हतं गं मला."

तेव्हा बायकांपैकी एक जण उठली, खुर्चीवरची पर्स उचलली आणि म्हणाली, "बसा भाऊ, पाणी घ्या." तो बसला.