नवाबच्या गळपट्ट्याचं ऑडिट

उद्धवराव निवृत्त झाले आणि कुसुमताईंच्या चांगल्या चाललेल्या धंद्याला ग्रहण लागलं.

रहाटणीतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत कुसुमताई कुत्र्यांचे गळपट्टे शिवायच्या. सगळ्या कुत्र्यांचे नव्हे, करवानी, पश्मी असल्या लांब तोंडाच्या, सडपातळ शिकारी कुत्र्यांचे. ह्या कुत्र्यांची मान जाड आणि डोकं चिंचोळं. बाजारातला साधा पट्टा घातला तर कुत्रं दोन पावलं मागे सरकतं, मान खाली घालतं आणि रिकामा पट्टा मालकाच्या हातात ठेवून निघून जातं. कुसुमताईंचं माहेर सांगोल्याकडचं, वडिलांनी तीन करवानी पाळलेले, त्यामुळे हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या रुंद पट्ट्याच्या दोन टोकांतून एक छोटी फिरती पट्टी ओवायच्या. कुत्रं शांत असलं की पट्टा सैल, ओढ घेतली की आपोआप आवळणार, पण गळा दाबणार नाही. चाकणच्या एका कारखान्यातून सीट बेल्टची उरलेली पट्टी त्या किलोवर आणायच्या. भरधाव गाडीत जी माणूस धरून ठेवते, ती कुत्रं का नाही धरणार?

चार वर्षं झकास चाललं. मग एका कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये चौतीस वर्षं काढून उद्धवराव घरी आले. पहिले दोन महिने खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. बोलायचे नाहीत. आमटीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत. मग एक दिवस त्यांनी कपाटातून आपला व्हर्नियर काढला, शिवून ठेवलेला एक पट्टा मोजला आणि म्हणाले, "कुसुम, ह्याचं ड्रॉइंग कुठाय?"

डोळ्यांत चमक आली होती हो माणसाच्या! कुसुमताईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. जरा घाईच केली.

आठ दिवसांत मागच्या खोलीत नापास मालाचा लाल ट्रे आला आणि नापास मालाला बांधायच्या लाल चिठ्ठ्याही आल्या. रविवारी तळेगावला करवानीवाल्यांचा मेळावा होता, तिथली तीस पट्ट्यांची ऑर्डर तयार होती. बुधवारी कुसुमताई खोलीत गेल्या तर तीसच्या तीस पट्टे लाल ट्रेमध्ये. प्रत्येक चिठ्ठीवर एकच शेरा : 'सैल. दोन बोटं गॅप.'

"अहो, तो गॅप हवाच असतो," कुसुमताई म्हणाल्या.

"गॅप कधी हवा असतो का? चौतीस वर्षांत ऐकलं नाही."

"कुत्रं ओढायला लागलं की आवळतो तो."

"आणि नाही ओढलं तर? तोवर माल डिफेक्टिव्हच ना?"

भांडता आलं असतं. कुसुमताईंची जीभ काही गंजलेली नव्हती. पण भांडून पट्टे सुटले असते आणि माणूस पुन्हा भिंतीकडे बघत बसला असता. त्या भिंतीची त्यांना धास्ती वाटायची. त्यांना रविवारी तळेगावला पट्टे न्यायचे होते आणि नवराही जागेवर ठेवायचा होता.

हा माणूस आजवर ऐकत आलाय तरी कुणाचं, ह्याचा त्यांनी भाजी निवडता निवडता विचार केला. आईचं नाही, साहेबाचं नाही, डॉक्टरचं तर नाहीच. ऐकलं फक्त ऑडिटरचं! कस्टमरचं ऑडिट आहे म्हटलं की आदल्या दिवसापासून उद्धवरावांना जेवण सुचायचं नाही, आणि ऑडिटर म्हणेल त्याला 'येस सर'. बायको तीस वर्षं सांगते ते कळत नाही, ऑडिटरनं एका ओळीत लिहिलं की कळतं. ह्या भागातल्या नवऱ्यांचं असंच असतं, आकुर्डीपासून चाकणपर्यंत कुणालाही विचारा.

त्यांनी जास्मिनला फोन लावला. वाकडला राहणारी, आयटीत नोकरी करणारी ही मुलगी त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिच्याकडे नवाब नावाचा करवानी होता. उद्धवरावांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"काकू, मला मध्येच हसू आलं तर?"

"आलं तर खोक. ऑडिटरांना खोकला असतोच."

कुसुमताईंनी एक कोरा कागद घेतला, सवयीप्रमाणे वर मधोमध 'श्री' लिहिलं आणि खाली सात प्रश्न काढले. चौथा प्रश्न होता, 'पट्ट्यात गॅप का ठेवला आहे?' त्यावर कुसुमताई उत्तर देणार, ऑडिटर 'उत्तम' म्हणणार आणि तीस पट्टे सुटणार, असा बेत होता. 'उद्या तळेगावच्या कस्टमरचं ऑडिट आहे, मॅडम ट्रायलला कुत्रं घेऊनच येतील,' असं त्यांनी गुरुवारी सकाळी उद्धवरावांना सांगून टाकलं.

शुक्रवारी सकाळी उद्धवराव कंपनीचा जुना शर्ट घालून, दोनदा दाढी करून तयार होते. जास्मिन आली ती काळा कोट, हातात क्लिपबोर्ड आणि शेजारी नवाब अशी. लिफ्टपाशी कुसुमताईंनी कागद हळूच तिच्या हाती दिला. ट्रायल खाली पार्किंगमध्येच घ्यायची ठरली. त्यासाठी मापाला कुसुमताईंनी लाल ट्रेमधला एक पट्टा आणि एक दोरी पिशवीत टाकून आणली होती.

पहिले तीन प्रश्न सुरळीत झाले. जास्मिन दोनदा खोकली. मग तिनं चौथा विचारला.

"गॅप?" उद्धवराव उजळले. "मॅडम, गॅप आम्ही काढून टाकलाय!"

त्यांनी खिशातून एक पट्टा काढला. काल दुपारी कुसुमताईंचा डोळा लागला असताना त्यांनी स्वतः मशीनवर बसून ती फिरती पट्टी शिवून बंद केली होती. "सुधारित नमुना. झीरो गॅप," म्हणत त्यांनी नवाबचा पट्टा काढून तो चढवलासुद्धा.

कुसुमताई 'अहो' म्हणेपर्यंत एका गाडीखालून मांजर निघालं. जास्मिननं दोरी घट्ट धरली. नवाब दोन पावलं मागे सरकला, मान खाली घातली आणि झीरो गॅप तिच्या हातात ठेवून गेला.

मांजर झाडावर चढलं, पण नवाबला आता पळण्याचीच गोडी लागली होती. जास्मिन क्लिपबोर्ड टाकून "नवाब! नवाब!" करत धावली. तिच्यामागे वॉचमन आणि वॉचमनमागे उद्धवराव. माणसं जितकी मागे लागली तितका तो खूश. तो गेटकडे वळला. गेट सताड उघडं होतं आणि बाहेर सकाळच्या शिफ्टच्या बस धावत होत्या. जास्मिन रडायलाच लागली.

पळणाऱ्या करवानीच्या मागे पळू नये, त्याच्या उलट पळावं, असं कुसुमताईंचे वडील सांगायचे. कुसुमताईंनी पदर खोचला, "हुर्र्र" अशी जोरात हाळी दिली आणि पाण्याच्या टाकीकडे धूम ठोकली. अठ्ठावन्न वर्षांची बाई! गॅलऱ्या भरल्या. गेटमध्ये नवाब थबकला. ह्या बाईला असं काय सापडलं म्हणून त्यानं वळून पाहिलं आणि तो मागे फिरला. टाकीपाशी त्यानं त्यांना गाठलं, तशी कुसुमताईंनी जमिनीवर बसकण मारून त्याच्या गळ्यात हात टाकले. पिशवीतला पट्टा काढून घातला, दोरी अडकवली, आणि तेवढ्यात मांजर झाडावरून फिस्कारलं.

नवाबनं झेप घेतली. कुसुमताई हातभर फरफटल्या, पण पट्टा आवळला आणि त्यानं कुत्रं सोडलं नाही. पट्ट्यावरची लाल चिठ्ठी वाऱ्यावर फडफडत होती : 'सैल. दोन बोटं गॅप.'

उद्धवराव धापा टाकत आले. खाली बसून त्यांनी पट्ट्यात बोटं घालून पाहिली. दोरी ढिली, दोन बोटं जात होती. दोरी ताणलेली, एकही जात नव्हतं. त्यांनी तीनदा मोजलं. मग खाली पडलेला क्लिपबोर्ड उचलून जास्मिनला दिला आणि वर निघून गेले. जास्मिननंही डोळे पुसत नवाबला त्याचा जुना पट्टा घातला, ट्रेमधला परत केला आणि ऑडिटर असल्याचं विसरून ती त्याला घेऊन गेली.

संध्याकाळी उद्धवराव पुन्हा खुर्चीत बसले, भिंतीकडे तोंड करून. कुसुमताईंना वाटलं, कशाला केला हा खेळ. पट्टे गेले खड्ड्यात, ह्यांनी काही तरी बोलावं.

जरा वेळानं खुर्ची रिकामी दिसली. मागच्या खोलीत डोकावल्या तर उद्धवराव एकेका पट्ट्याची लाल चिठ्ठी सोडत होते. तीसही सोडून झाल्यावर त्यांनी आपला सुधारित नमुना चिठ्ठी बांधून लाल ट्रेमध्ये टाकला. मग कंपनीत वापरायचे तसा एक फॉर्म हातानं आखून, भरून त्यांच्यापुढे धरला.

'दोषाचं मूळ कारण' ह्या रकान्यात लिहिलं होतं : 'तपासणाऱ्यानं बनवणाऱ्याला विचारलं नाही.'

चौतीस वर्षांत ह्या माणसानं त्या रकान्यात ऑपरेटरला घातलं होतं, मशीनला घातलं होतं, एकदा तर दमट हवेला घातलं होतं. तपासणाऱ्याला कधीच नाही. कुसुमताईंना पुढचं काही नीट दिसेना.

"ह्यावर ऑडिटर मॅडमची सही लागेल ना," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "मी पाठवते त्यांच्याकडे."

"लागेल की." उद्धवरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांच्यापुढे उलगडला. पार्किंगमध्ये पडलेला, सात प्रश्नांचा. वर मधोमध ठसठशीत 'श्री' होतं.

"कर सही," उद्धवराव म्हणाले. "आणि पुढचं ऑडिट लावशील तेव्हा दोन दिवस आधी सांग. शर्टाला इस्त्री करावी लागते."